टोकियो, हाकोने, क्योटो, नारा: १०० व्होल्टच्या देशात आम्ही नागपूरकर

शुक्रवार: नागपूर

जपानला जायचं ठरलं ते आत्यासाठी. आत्या नागपुरातल्या इंदोऱ्याची. मूळचे जपानी असलेले भिक्खू भदंत सुरई ससाई यांना तिनं तरुणपणापासून इंदोरा विहारात पाहिलेलं, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर १९९९ मध्ये उघडलं तेव्हाही ती गर्दीत होती. "ज्या देशातून भंतेजी आले तो देश मले एकदा पाहाचा आहे," हे तिचं वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकू येत होतं. शेवटी नोव्हेंबर ठरला. आत्या, मी, हे आणि कॉलेजात शिकणारी लेक.

सदरला आमचं घरगुती विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे व्हिसा आणि तिकिटं सोडली तर आमची खरी तयारी जेवणाच्या टेबलावर झाली. प्रत्येकाचं वायरवालं सामान मांडलं आणि एकेकाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. जपानमध्ये घरात वीज येते ती १०० व्होल्टनं, आपल्याकडे २३० नं. ज्याच्यावर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलंय ते बिनधास्त न्यायचं. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात. आत्या रात्री श्वास अडकू नये म्हणून सीपॅपचं यंत्र लावते, त्याच्या विटेवरही, म्हणजे वायरीतल्या चौकोनी चार्जरच्या डब्यावर, हेच छापलेलं होतं. ते वाचूनच तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं.

लेकीचा ड्रायर मात्र बाजूला ठेवला. त्यावर फक्त २२०-२४० व्होल्ट, १,२०० वॅट. तिला वाटत होतं, पिनेचा अडॅप्टर लावला की झालं. दुकानात हा समज मी रोज पाहते, म्हणून इथे सविस्तर लिहिते. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टला तो हातही लावत नाही. ड्रायरमधली कॉइल तीच राहते, आणि व्होल्ट निम्म्याहून कमी झाले की उष्णता त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० वर १,२०० वॅट देणारी कॉइल १०० वर जेमतेम २२५ वॅट देते. म्हणजे कोमट वाऱ्याची झुळूक. उलट दिशेनं जाल तर मोठं नुकसान आहे. अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेला तिथला ड्रायर नागपुरात लावला की कॉइल लालबुंद होते, थर्मल कटऑफ उडतो, नाहीतर प्लास्टिक वितळतं. असे ड्रायर आमच्या काउंटरवर येतात तेव्हा आणणाऱ्याचा चेहरा बघवत नाही, कारण बहुतेक वेळा ती कोणीतरी प्रेमानं पाठवलेली भेट असते.

व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर नेता येतो का, असंही लोक विचारतात. ड्रायर चालवण्याइतक्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर किलोंच्या हिशेबात वजनदार असतो. त्यापेक्षा ड्रायर घरी राहू द्या. जपानमध्ये साध्यातल्या साध्या हॉटेलातही ड्रायर असतोच. लेकीचे केस कुरळे, तिनं फक्त सिलिकॉनचा घडी होणारा डिफ्यूजर, म्हणजे हवेचा झोत पसरवणारं तोंड, घेतला. तो बहुतेक ड्रायरच्या तोंडाला बसतो आणि त्याला विजेचं काही देणंघेणं नसतं.

स्ट्रेटनरचं वेगळं आहे. बरेच स्ट्रेटनर ११०-२४० व्होल्टचे मिळतात, फक्त १०० व्होल्टवर गरम व्हायला थोडा जास्त वेळ घेतात. आपला कोणता आहे ते लेबल सांगतं. पण बॅटरीवर चालणारा, वायर नसलेला स्ट्रेटनर किंवा कर्लर असेल तर नीट लक्ष द्या. त्याची बॅटरी वेगळी काढता येत नसेल, तर जपानी विमान कंपन्या तो हातातल्या सामानातही घेत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाही.

शनिवार: टोकियो

नागपूर-दिल्ली आणि तिथून रात्रीचं विमान. दिल्लीला बोर्डिंगच्या रांगेत एका आजोबांना परत बोलावलं, त्यांच्या चेक-इन बॅगेत पॉवर बँक निघाली होती. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, आणि १०० वॅट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॅट-अवर होतात, म्हणजे चालते. तिच्यावरचे आकडे पुसट झाले असतील तर ती नेऊ नका, आकडा वाचता आला नाही तर अडवतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उभ्या विमानाला आग लागली, तेव्हापासून त्या भागातले नियम कडक झालेत. जपानी कंपन्या जुलै २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला सांगतात.

आत्याच्या सीपॅपसाठी विमान कंपनीला आधीच मेल केला होता, त्यांनी वैद्यकीय उपकरण म्हणून वेगळी पिशवी मान्य केली. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत होती. कोणी मागितली नाही, तरी ती असावी.

उएनोचं हॉटेल. खोली इतकी छोटी की दोन बॅगा एकदम उघडता येईनात. पलंगाजवळ एकच सॉकेट, दोन चपट्या पिनांचं, बटण नसलेलं. आपल्याला बोर्डावर बटण दाबायची सवय, आत्या भिंतीवर बटण शोधत राहिली. "काहून गं, चालू कुठून कराचं?" पिन घातली की चालूच, हे तिला पटायला जरा वेळ लागला.

आमचा उपाय सांगते: एक अडॅप्टर आणि नागपूरचा एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर चौघांचे फोन, कॅमेरा, सीपॅप, सगळं चाललं. त्या बोर्डावर किटली किंवा ड्रायर मात्र लावायचा नाही. आपला साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टवर तो साधारण १,३८० वॅट झेलतो, पण १०० व्होल्टवर तेच ६ अँपिअर म्हणजे फक्त ६०० वॅट. जपानी ड्रायर १२ अँपिअर ओढतो, आपला बोर्ड त्यानं तापेल.

त्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात गरम उडोन, म्हणजे जाड नूडल्स, खाल्लं. आत्यानं नागपूरहून आणलेली लसणाची चटणी पिशवीतून काढली. दुकानदार काकांनी वास घेतला, बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, आणि कपाळाला हात लावून हसले. मग आतून सात मसाल्यांचं शिचिमी आणून आत्यासमोर ठेवलं. "हे बी बरं आहे, पण तिखट नाही," असा आत्याचा निकाल.

रविवार: आसाकुसा, अकिहाबारा, निशी-कासाई

सकाळी सेन्सो-जी हे बुद्धमंदिर. लाल कंदिलाखाली गर्दी, तरी धक्का कोणाचा नाही. आत्यानं उदबत्तीच्या धुराच्या कुंडाजवळ उभं राहून बराच वेळ हात जोडले.

दुपारी लेकीच्या आग्रहानं अकिहाबाराला योदोबाशी कॅमेराची ती मजल्यांवर मजले असलेली इमारत. ड्रायरच्या मजल्यावर मीही हरखले, एवढे प्रकार मी एका जागी कधी पाहिले नव्हते. लेकीनं एक पॅनासॉनिकचा उचलला. विक्रेत्या मुलीनं विचारलं, कुठल्या देशाचे? इंडिया म्हटल्यावर तिनं तो ड्रायर दोन्ही हातांनी परत घेतला, लेबलवरच्या '१००' वर बोट ठेवून मान हलवली, आणि आम्हाला दुसऱ्या टोकाच्या कप्प्याजवळ नेलं. तिथे परदेशी वापरासाठी बनवलेले, दोन्ही व्होल्टवर चालणारे ड्रायर होते. कमी निवड, कमी नखरे, पण आपल्या घरी चालणारे. तिला महागडा विकता आला असता. मी स्वतः काउंटरच्या मागे उभी राहते, म्हणून तिचं मला फार कौतुक वाटलं. ड्रायर तिच्याकडूनच घेतला.

तिथेच आत्याच्या सीपॅपसाठी एक गोष्ट केली. लॅपटॉपच्या किंवा सीपॅपच्या विटेत जी वायर घुसते ती वेगळी निघते. तेवढी जपानी पिनेची वायर विकत मिळते. तीन पिनेच्या प्लगवर अडॅप्टर लटकवण्यापेक्षा हे कितीतरी घट्ट बसतं, रात्री कुशीवर वळलं तरी निसटत नाही. रात्रभर चालणाऱ्या यंत्राला सैल जोड नको.

संध्याकाळी निशी-कासाई. टोकियोच्या एडोगावा भागातली ही भारतीयांची वस्ती. मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये इथूनच वॉर्डच्या सभेवर निवडून आले होते. आमच्या दुकानाच्या जुन्या ग्राहक बाईंची मुलगी इथे राहते. तिनं पाटवडी-रस्सा केला होता, तर्रीसकट. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं की मायेनं ते मी विचारलं नाही.

जेवताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही उपयोगाच्या. पहिली: तिच्या मैत्रिणीनं दोन्ही व्होल्टवर चालणारा ड्रायर भारतात नेला. त्याच्या मुठीवर नाण्यानं फिरवायचा छोटा खटका असतो, ११० आणि २२० चा. जपानमध्ये तो ११० वर होता, भारतात तसाच लावला, आणि पहिल्याच मिनिटात धूर. दुसरी: ती आधी ओसाकाला होती. तिथून टोकियोला आली तेव्हा जुना मायक्रोवेव्ह सोडून यावं लागलं, कारण त्याच्या पाठीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं. एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला आवर्तनं कुठे ५०, कुठे ६०! १८९० च्या दशकात टोकियोनं जर्मन बनावटीची ५० हर्ट्झची जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन ६० ची, आणि देश आजपर्यंत तसाच दोन भागांत राहिला. ह्यांना हे ऐकून फार नवल वाटलं. कोराडीची वीज ज्या जाळ्यात जाते त्यात काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी आहे, दक्षिणेचं जाळंही २०१३ च्या शेवटच्या दिवशी जोडलं गेलं. इथे मात्र २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे वीज कमी पडली, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तितकी देता आली नाही. फ्रिक्वेन्सी बदलून देणारी केंद्रं फार अपुरी होती.

प्रवाशाला याची काळजी नको. चार्जर दोन्ही चालवून घेतात.

सोमवार: कामाकुरा

आत्याचा दिवस. हासे स्टेशनला उतरून चालत गेलो आणि झाडांच्या वर तो कांस्याचा बुद्ध दिसला. ११ मीटरहून उंच, तेराव्या शतकातला. त्याच्याभोवतीचा मंडप केव्हाच गेला, तेव्हापासून तो उघड्यावरच बसलाय, ऊन-पाऊस झेलत. आत्या खाली बसली आणि पाली गाथा म्हणायला लागली. शेजारी शाळेची सहल होती. मुलं एकदम गप्प झाली, त्यांच्या बाईंनीही हात जोडले.

फोटो आणि व्हिडिओत दुपारीच दोन फोन संपले. इथे स्टेशनजवळ आणि किराणा-दुकानांत भाड्यानं पॉवर बँक मिळतात, एका ठिकाणी घ्या, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. कॅफेत मात्र भिंतीतलं सॉकेट दिसलं म्हणून लगेच चार्जर लावू नका, आधी विचारा. जपानच्या फौजदारी कायद्याच्या २४५ व्या कलमानुसार वीज ही मालमत्ता धरली जाते, न विचारता घेतली तर ती चोरीत मोजता येते. विचारलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात. आम्हाला तर एका आजींनी त्यांचा दिवा काढून सॉकेट मोकळं करून दिलं.

मंगळवार: हाकोने

डोंगर, गंधकाचा वास, आणि नागपूरकरांना सोसवणार नाही अशी थंडी. ओवाकुदानीला गरम झऱ्यात उकडलेली काळ्या सालीची अंडी खाल्ली. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

रात्री जुन्या पद्धतीच्या सरायीत गरम पाण्याचं कुंड. आत्या जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आमच्या आधी तयार. आत एक म्हाताऱ्या जपानी बाई होत्या. त्यांनी खुणेनं सांगितलं, आधी अंग आणि केस स्वच्छ धुवा, मग केस वर बांधा, कुंडाच्या पाण्याला केस लागता कामा नयेत. आत्याचे पांढरे केस अजून कमरेपर्यंत आहेत. बाहेर आल्यावर त्या बाईंनी आरशासमोरच्या स्टुलावर आत्याला बसवलं आणि स्वतः ड्रायर घेऊन तिचे केस वाळवायला लागल्या, मुळांपासून खाली, एक हात मध्ये धरून, म्हणजे डोक्याला चटका बसू नये. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी सलग बोलत होत्या. आत्या वऱ्हाडीत, त्या जपानीत. लेकीनं तिचा डिफ्यूजर दाखवला तर तो त्या बाईंनी उलटासुलटा करून पाहिला आणि स्वतःच्या केसांवर लावून बघितला.

तो ड्रायर १०० व्होल्टचा, पण झोत जबरदस्त. तिथल्या विजेसाठी बनवलेलं यंत्र तिथे पूर्ण ताकदीनं चालतं, हे सोबत ड्रायर न नेण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

बुधवार: क्योटोकडे

ओदावाराहून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. पश्चिमेला जाताना उजव्या खिडकीची जागा घ्या. फुजी नदीचा पूल येतो आणि क्षणभर सगळा फुजी डोळ्यांसमोर उभा राहतो, माथ्यावर बर्फ. ह्यांनी त्याच क्षणी सांगितलं की विजेची सीमा साधारण याच नदीवर आहे, मागे ५०, पुढे ६०. आमच्या जागेखालच्या सॉकेटवर त्याचा काही फरक नव्हता, कारण ही गाडी टोकियोपासूनच ६० वर धावते. नव्या एन७००एस गाड्यांत प्रत्येक जागेला सॉकेट आहे, जुन्यांत सगळीकडे मिळेलच असं नाही.

लॅपटॉपवर फोटो उतरवताना लेक म्हणाली, "आई, हात फिरवला की झिणझिण्या येतात." धातूच्या अंगाचा लॅपटॉप अर्थिंग नसलेल्या दोन पिनांवर चार्ज होताना असं होतं. चार्जरमधली अगदी थोडी गळती असते ती. चांगल्या कंपनीचा चार्जर असेल तर धोका नाही, नको वाटलं तर बॅटरीवर वापरा.

क्योटोत आम्ही जुनं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. रात्री लेक वर केस वाळवत होती, ह्यांनी खाली चहाला किटली लावली, आणि अर्ध्या घरात अंधार. शेजारी राहणाऱ्या घरमालकीणबाई टॉर्च घेऊन लगेच आल्या. दाराच्या वर बोर्ड, त्यात एका ओळीला २० अँपिअरचा ब्रेकर. ड्रायर १२, किटली १२, बेरीज २४. आपल्याकडे तेवढेच वॅट १०-११ अँपिअरमध्ये जातात, त्यामुळे असा अंदाजच येत नाही. बाईंनी ब्रेकर वर केला आणि सोबत आणलेली लाल डाळीच्या सारणाची मिठाई हातात ठेवली. जुन्या घरात राहणार असाल तर गरम करणारं एका वेळी एकच चालवा.

गुरुवार, शुक्रवार: क्योटो आणि नारा

क्योटोबद्दल सगळेच लिहितात. मी एवढंच सांगते की तोफुकु-जीच्या पुलावरून खाली पाहिलं तेव्हा लाल मेपलच्या पलीकडे काही दिसत नव्हतं, आणि नान्झेन-जीजवळ खाल्लेल्या गरम तोफूनंतर आत्यानं चटणीची बाटली काढलीच नाही.

नाऱ्याला तोदाई-जी. आत बसलेला बुद्ध १५ मीटर उंच. इ. स. ७५२ मध्ये त्याचे डोळे रेखले गेले ते भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्खूच्या हातानं. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आत्या खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपला मानूस इथं आला, यायचा मानूस आपल्या इंदोऱ्याले आला." तिला त्या क्षणी जे मिळालं त्यासाठी ही सगळी यातायात केली होती.

बाहेर हरणांनी लेकीच्या चार्जरची वायर चघळायला घेतली. वायरा पिशवीच्या आत ठेवा.

शनिवार, रविवार: परत

सामान भरताना नवा ड्रायर चेक-इन बॅगेत टाकला. वायरवाल्या ड्रायरला तिथे अडचण नाही. पॉवर बँका हातात. बाकी काही घडलं नाही.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याचा खटका. नाण्यानं फिरवून २२० वर आणला, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली म्हणजे चुकून हलायला नको. सीताबर्डीत मिळणारा सगळ्यात स्वस्त अडॅप्टर ड्रायरला वापरू नका, आतली पत्री सैल असते आणि तिथेच तापतं. जाड पत्रीचा, अँपिअर लिहिलेला घ्या.

आत्यानं इंदोऱ्यात फोटो दाखवले तेव्हापासून विहारातल्या बऱ्याच जणींना नाऱ्याला जायचंय. परवा दोघी दुकानात आल्या, पिशवीत आपापले चार्जर, एक सीपॅप आणि एक स्ट्रेटनर घेऊन. स्ट्रेटनर २२० चाच निघाला, तो तेवढा परत पाठवला.